बूटस्ट्रॅपच्या कव्हरेजचा उलगडा: दोष एकाचा नव्हता, दोघांचा होता

मागच्या नोंदीत बूटस्ट्रॅपच्या कव्हरेजपाशी, म्हणजे इंटरव्हलमध्ये खरी किंमत प्रत्यक्षात किती टक्के वेळा सापडते त्या आकड्यापाशी, घोडं अडलं होतं. तो कमी का येतो, त्याचं कारण सापडलं. इतकं नीट सापडलं की आज दुसरं काही लिहायला सुचत नाहीये. या वेळी पेंग्विनच्या डेटावरचं रिग्रेशन येणार होतं, ते पुढे ढकलते.

स्थिती अशी होती. एक्स्पोनेन्शियल, म्हणजे उजवीकडे लांब शेपटी असलेल्या, वितरणातून १० चं सॅम्पल घ्यायचं, बूटस्ट्रॅपने रीसॅम्पल्स काढायची (त्याच सॅम्पलमधून दर वेळी आकडा परत टाकत पुन्हा १० आकडे उचलायचे), त्यांच्या सरासऱ्यांमधला मधला ९५ टक्के भाग घेऊन सरासरीचा पर्सेंटाइल इंटरव्हल बांधायचा आणि खरी सरासरी त्यात सापडते का ते तपासायचं. बाहेरच्या लूपमध्ये हेच दहा हजार वेळा. उत्तर ९५ च्या आसपास यायला हवं, आणि येत होतं नव्वदच्याही खाली. बाहेरच्या लूपच्या डळमळीवर याचं खापर फोडता येत नाही, कारण दहा हजार फेऱ्यांना कव्हरेजचा स्टँडर्ड एरर (सॅम्पलगणिक अंदाज किती हलतो त्याचं माप) जेमतेम ०.२ ते ०.३ टक्के पडतो. आतली रीसॅम्पल्स हजाराची दहा हजार केली, तरी आकडा ढिम्म. सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) बदलून पाहिलं, कोड नव्याने लिहून पाहिला, तेच उत्तर.

मग आर या सांख्यिकीच्या भाषेसोबतच येणारं बूट पॅकेज लावलं. त्यातून एका दमात पाच तऱ्हेचे इंटरव्हल मिळतात: नॉर्मल, बेसिक, स्टुडंटाइज्ड, पर्सेंटाइल आणि बीसीए (बायस-करेक्टेड अँड अ‍ॅक्सिलरेटेड). माझी सगळी भिस्त बीसीएवर होती, कारण ते स्क्यूची, म्हणजे एका बाजूला लांबलेल्या शेपटीची, दुरुस्ती करतं असं जिथेतिथे लिहिलेलं असतं. करतंही, पण थोडीच. बेसिक तर पर्सेंटाइलपेक्षाही वाईट निघालं. त्याचं कारण कळलं तेव्हा बरं वाटलं: बेसिक इंटरव्हल बूटस्ट्रॅपचं वितरण अंदाजाभोवती उलटवतो, त्यामुळे उजवीकडे लांबायला हवी ती शेपटी डावीकडे जाते. स्क्यू डेटावर नेमकं उलटं काम.

इथवर सगळा संशय स्क्यूवर होता. मागच्या नोंदीवर लिहिणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांचाही तोच अंदाज होता. शेवटी मनात आलं, स्क्यू काढूनच टाकू. एक्स्पोनेन्शियलच्या जागी नॉर्मल वितरण, बाकी सगळं जसंच्या तसं. कव्हरेज आलं ९० च्या आसपास!

हा आकडा पडद्यावर आला तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. डेटा अगदी सममित आहे, मध्यवर्ती सीमा प्रमेयाची (मोठ्या सॅम्पलची सरासरी नॉर्मलकडे झुकते, या नियमाची) गरजसुद्धा नाही, तरी पाच टक्के गायब. म्हणजे स्क्यू येण्याआधीच दुसरं कोणीतरी हे टक्के खाऊन बसलंय. कागद घेऊन बसले आणि हिशेब दोन ओळींत सुटला.

पहिली ओळ: बूटस्ट्रॅप हातातल्या सॅम्पललाच लोकसंख्या, म्हणजे सॅम्पल जिथून येतं तो अख्खा समूह, मानतो. त्यामुळे त्याचं प्रमाण विचलन ९ ने नाही, १० ने भागलेलं असतं. स्टँडर्ड एरर तेवढ्याने आकसतो; ०.९ चं वर्गमूळ म्हणजे ०.९४९. सरळ पाच टक्के आखूड.

दुसरी ओळ: नॉर्मल डेटावर पर्सेंटाइल इंटरव्हल मध्यापासून दोन्हीकडे साधारण १.९६ स्टँडर्ड एरर इतकाच पसरतो. पण प्रमाण विचलन स्वतःच १० आकड्यांवरून काढलेलं, म्हणजे तेही डळमळीत. त्या डळमळीची भरपाई टी-वितरण (नॉर्मलपेक्षा जाड शेपट्यांचं) करतं आणि ९ मुक्तमात्रांना (सॅम्पलच्या आकारापेक्षा एक कमी) १.९६ ऐवजी २.२६२ मागतं. बूटस्ट्रॅपला ही भरपाई ठाऊकच नाही.

दोन्हींचा गुणाकार केला की पर्सेंटाइल इंटरव्हल टी-इंटरव्हलपेक्षा सुमारे १८ टक्के आखूड पडतो. परिणामी त्याची पोच २.२६२ ऐवजी १.८६ राहते, आणि ९ मुक्तमात्रांच्या टी-वितरणात ±१.८६ च्या आत ९० टक्क्यांच्या किंचित वर क्षेत्रफळ असतं. कागदावरचा आकडा आणि लूपमधला आकडा एकमेकांना भेटले. सिम्युलेशन शिकायला लागल्यापासून एवढा आनंद क्वचितच झाला असेल.

स्टुडंट या नावाने लिहिणाऱ्या गॉसेटने १९०८ साली नेमक्या याच अडचणीवर, लहान सॅम्पलमधल्या डळमळीत प्रमाण विचलनावर, निबंध लिहिला. आणि पडताळा कसा घेतला? ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून, ते पिसून, चार-चारांची ७५० सॅम्पल्स केली. आपण एका ओळीत लिहितो तो बाहेरचा लूप त्याने हाताने चालवला होता. ही गोष्ट मी आधी वाचली होती, पण तिचं मोल आत्ता कळलं.

आता दुरुस्ती. टिम हेस्टरबर्ग यांनी बूटस्ट्रॅपबद्दल शिक्षकांना काय माहीत हवं यावर २०१५ मध्ये एक मोठा लेख लिहिला, तो अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतो. या छंदातल्या प्रत्येकाने तो वाचावाच असं माझं ठाम मत आहे. त्यातली युक्ती सोपी आहे: २.५ आणि ९७.५ हे पर्सेंटाइल न घेता आणखी बाहेरचे घ्यायचे. १० च्या सॅम्पलला ते सुमारे ०.८६ आणि ९९.१४ येतात. टी चा आकडा १०/९ च्या वर्गमूळाने गुणायचा आणि नॉर्मल वितरणात तिथली शेपटी मोजायची, बस. कोडमध्ये एका ओळीचा बदल. नॉर्मल डेटावर कव्हरेज ९५ वर येऊन बसलं.

एक गुन्हेगार पकडला गेला. हीच दुरुस्ती एक्स्पोनेन्शियलवर चालवली, तर कव्हरेज चढलं, पण ९५ ला पोचलं नाही. उरलेली तूट मात्र खरोखर स्क्यूची.

इथे एक सवय कामी आली, तीच सगळ्यांना सुचवते: नुसतं किती वेळा हुकलं हे मोजू नका, कोणत्या बाजूला हुकलं तेही मोजा. दोन्हीकडे अडीच-अडीच टक्के हवेत. माझे जवळजवळ सगळे हुकलेले इंटरव्हल एकाच बाजूचे निघाले: अख्खा इंटरव्हल खऱ्या सरासरीच्या खाली. कारण उजव्या शेपटीच्या डेटात सरासरी आणि प्रमाण विचलन जोडीने चालतात. मोठा आकडा सॅम्पलमध्ये आला नाही की सरासरी खाली येते, आणि त्याच वेळी प्रमाण विचलनही आकसतं. जिथे इंटरव्हल लांब हवा, नेमका तिथेच तो आखूड होतो. दोन आलेख शेजारी लावून सरासरी आणि प्रमाण विचलनाचे ठिपके टाकून पाहा. नॉर्मलला नुसता गोळा दिसतो, एक्स्पोनेन्शियलला वर चढत जाणारा पंखा.

यावर उपाय स्टुडंटाइज्ड बूटस्ट्रॅप. प्रत्येक रीसॅम्पलमधला सरासरीतला फरक त्याच रीसॅम्पलच्या स्टँडर्ड एररने भागायचा, म्हणजे टी ची तक्ता-किंमत न घेता आपल्या डेटाची स्वतःची टी बनवायची. याने कव्हरेज ९५ च्या अगदी जवळ आलं. किंमतही मोजावी लागते: काही इंटरव्हल अवाच्या सवा लांब येतात. १० च्या सॅम्पलमधला कोणताही एक आकडा एखाद्या रीसॅम्पलमध्ये अजिबात न येण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे जवळपास ३५ टक्के. तो एकुलता मोठा आकडा गळाला आणि बाकीचे जवळजवळचे असले, की भाजक इवलासा होतो आणि भागाकार सुसाट सुटतो. तरीही लांब पण प्रामाणिक इंटरव्हल मला आखूड आणि खोट्या इंटरव्हलपेक्षा केव्हाही परवडतो.

या निमित्ताने ‘सॅम्पल ३० च्या वर गेलं की निश्चिंत राहा’ या नियमाबद्दलही लिहिते. एका व्हिडिओ कोर्समध्ये तो इतक्या सहज सांगितला होता की मी कित्येक महिने त्यावर विसंबले. एक्स्पोनेन्शियलवर ३० चं सॅम्पल घेऊन साधा टी-इंटरव्हल तपासा: एका बाजूचं हुकणं २.५ टक्क्यांच्या दुपटीहून जास्त येतं, दुसऱ्या बाजूचं जवळजवळ शून्य. दोन्ही बाजू समाधानकारक व्हायला काही हजारांचं सॅम्पल लागतं. शिकवणाऱ्यांनी हा नियम सांगणं थांबवावं आणि त्या जागी विद्यार्थ्यांकडून हा लूप चालवून घ्यावा.

साधनांविषयी. बूटस्ट्रॅप पहिल्यांदा समजून घ्यायचा तर स्टॅटकी या ब्राउझरमधल्या साधनाला तोड नाही. एक सॅम्पल, एक रीसॅम्पल, मग हजार, आणि ठिपक्यांचा ढीग डोळ्यांदेखत चढतो. पण तो आतला लूप. बाहेरचा लूप रॉसमन आणि चान्स यांच्या अ‍ॅपलेटमध्ये दिसतो: इंटरव्हलच्या आडव्या रेषा, हुकलेल्या लाल. ब्राउन विद्यापीठात घडलेल्या सीइंग थिअरी या संकेतस्थळावरही तो आहे, दिसायला सगळ्यात देखणा, आणि तिथे एक्स्पोनेन्शियल निवडता येतं. मला दोन्ही लूप एकाच ठिकाणी डोळ्यांनी पाहायचे होते. ते ऑकलंड विद्यापीठाच्या आयएनझाइट या सॉफ्टवेअरमध्ये सापडले. आर भाषाही त्याच विद्यापीठात इहाका आणि जेंटलमन यांनी सुरू केली. आयएनझाइटच्या व्हीआयटी (व्हिज्युअल इन्फरन्स टूल्स) विभागात कव्हरेजसाठी वेगळी खिडकीच आहे. तिला खरी लोकसंख्या म्हणून एखादी डेटाफाइल द्यावी लागते, आणि इथेच बेत बदलला.

आत्तापर्यंत मी सूत्रातून निघालेल्या वितरणांवर खेळत होते. पण हातात मोठा खरा डेटा असेल तर त्यालाच लोकसंख्या मानता येईल, खरी सरासरी मोजूनच कळेल. आरच्या जीजीप्लॉट२ पॅकेजमधला हिऱ्यांचा डेटा यासाठी अगदी नेमका: ५३,९४० ओळी, किमतीची सरासरी सुमारे ३,९३३ डॉलर आणि मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) २,४०१. सरासरी आणि मीडियनमधली ही दरीच स्क्यू किती आहे ते सांगते. दुसरा पर्याय सेन्सस अ‍ॅट स्कूल. ब्रिटनमध्ये २००० साली सुरू झालेला हा उपक्रम पुढे न्यूझीलंड, कॅनडा, आयर्लंड अशा देशांत गेला. शाळकरी मुलं स्वतःबद्दलची प्रश्नावली भरतात आणि त्यातून यादृच्छिक सॅम्पल मागवता येतं. शिकवण्यासाठी मला हाच जास्त आवडतो, कारण डेटा देणारा आणि डेटा वापरणारा एकाच वयाचा असतो. पण कव्हरेज तपासायला अख्खी लोकसंख्या हाताशी हवी, म्हणून आधी हिरे.

तयार झालेला लूप वेबआरमध्ये टाकायचं ठरवलंय. त्याने आर थेट ब्राउझरमध्ये चालतं, वाचणाऱ्याला काहीच बसवावं लागत नाही. आधी शायनीचा (आरमधून वेब-अ‍ॅप बनवणाऱ्या पॅकेजचा) सर्व्हर मनात होता, तो विचार सोडला. दहा हजार गुणिले हजार एवढं काम ब्राउझरला जड जाईल, म्हणून आतला लूप काढून सगळी रीसॅम्पल्स एका मॅट्रिक्समध्ये भरते आणि ओळींची सरासरी एकदम घेते. माझ्या मशिनवर यानेच वेग डोळ्यांत भरण्याइतका वाढला.

हे लिहिता लिहिता आणखी एक सुचलं. स्क्यू डेटाला सरासरीच का विचारायची? मीडियनसाठी १० च्या सॅम्पलमध्ये दुसऱ्या सर्वात लहान आकड्यापासून दुसऱ्या सर्वात मोठ्या आकड्यापर्यंतचा इंटरव्हल घेतला, तर त्याचं कव्हरेज १ वजा २२/१०२४, म्हणजे ९७.९ टक्के. वितरण सलग असलं की पुरे, स्क्यू कितीही असो. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत घेतला तर ८९.१. प्रत्येक आकडा मीडियनच्या वर की खाली, एवढाच नाणेफेकीचा हिशेब, बूटस्ट्रॅपची गरजच नाही. मीडियनचा पर्सेंटाइल बूटस्ट्रॅप या दोन आकड्यांच्या मध्ये नेमका कुठे पडतो ते पाहायचंय; १० आकड्यांतून रीसॅम्पलची मीडियन मोजक्याच किमती घेते, त्यामुळे आलेख गुठळ्यांचा येणार हे नक्की. लूपमध्ये सरासरीच्या जागी मीडियन घालून आज रात्रीच लावून ठेवते. कोणी ९ किंवा ११ च्या सॅम्पलवर हे आधीच केलं असेल, तर आकडे पाठवा. सम आणि विषम आकारांत फरक दिसतो का, ते मला शेजारी ठेवून पाहायचंय.