दोघे, फार तर तिघे

कृपादानांवर, म्हणजे पवित्र आत्मा विश्वासणाऱ्यांना देतो त्या दानांवर, मंडळीत शिकवण ठेवली की बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा (पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या) बारावा अध्याय घेतात, मग तेरावा. चौदावा वेळेअभावी राहतो. माझ्या मते गडबड इथेच सुरू होते. डोळा हाताला ‘तुझी मला गरज नाही’ म्हणू शकत नाही, हे बाराव्यात कळतं. पण उपासनेत कुणी कधी बोलायचं आणि कधी थांबायचं, ते चौदाव्यात आहे.

नियम मोजकेच. अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत, दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, तेही पाळीपाळीने, आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून मनात देवाशी बोलावं. देवाकडून आलेला संदेश देणारे, म्हणजे संदेष्टे, हेही दोघे-तिघेच. बाकीच्यांनी पारख करायची. बसलेल्या कुणाला काही प्रकट झालं तर बोलणाऱ्याने थांबायचं. ‘आत्म्यामुळे मला स्वतःला आवरता आलं नाही’ ही सबब चालणार नाही, कारण संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात (14:32).

पौलाने हे इफिसाहून लिहिलं, साधारण इ. स. 54-55 मध्ये. करिंथात आधीच ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा’ असे एकेका पुढाऱ्याच्या नावाने (केफा म्हणजे पेत्र) तट पडले होते, आणि त्यात कृपादानांवरून मोठं कोण हा नवा वाद. म्हणून ‘सगळेच अन्य भाषा बोलतात काय?’ हा त्याचा प्रश्न. उत्तर अर्थातच नाही. तरी आजही काही ठिकाणी आत्मा मिळाल्याची खूण म्हणून अन्य भाषाच मागतात, आणि ती नसलेला विश्वासू माणूस मागच्या बाकावर जाऊन बसतो.

याद्या जुळवत बसण्यात अर्थ नाही. 12:8-10 मध्ये नऊ दानं, 12:28 मध्ये आठ, रोमकरांस बाराव्यात सात. पूर्ण यादी द्यायचा हेतूच दिसत नाही. पण 12:28 मध्ये साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारे थेट निरोगी करण्याच्या दानाशेजारी येतात. आपल्या साक्षींमध्ये हिशेब चोख ठेवणाऱ्याचं नाव कधी येतं का?

कृपादान ओळखण्यासाठी प्रश्नावली भरून घेतात. तिच्यातून आवड कळते, दान नाही. त्यापेक्षा तीन-चार महिने एखादं लहान काम सोपवावं आणि ज्यांची सेवा झाली त्यांनाच विचारावं: उन्नती झाली का, म्हणजे विश्वासात बळ मिळालं का? कसोटी तीच आहे.

रोमकरांस 12:8 मला फार व्यवहारी वाटतं. देणाऱ्याने औदार्याने, पुढाऱ्याने तत्परतेने, दया करणाऱ्याने आनंदाने करावं. प्रत्येक जण नेमका कुठे घसरतो ते पौलाला ठाऊक आहे: देणारा मंडळीत हक्क सांगू लागतो, पुढारी ढिला पडतो, आजाऱ्यांची सेवा करणारा वैतागतो.

चिन्हांची दानं (अन्य भाषा, निरोगी करणं यांसारखी) प्रेषितांबरोबर थांबली की आजही चालू आहेत, हा वाद करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या 13:8-10 वरून रंगतो; दानं नाहीशी होतील असं तिथे म्हटलं आहे. तो मिटेल असं वाटत नाही, पण पारख करायची हे दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हवं. संदेश लिहून ठेवावा, तारीख घालावी, वडीलवर्गातल्या (मंडळीच्या पुढाऱ्यांतल्या) दोघा-तिघांनी तो बायबलच्या वचनाशी ताडून पाहावा. लग्न, पैसा किंवा नोकरी सोडणं यांबद्दल असेल तर एकाच्या शब्दावर कुणी पाऊल उचलू नये. आणि ज्याने तो दिला त्याने पारखणाऱ्यांत बसू नये.