आईचे माहेर, श्रीवर्धन : दिवाळी २०२१

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातले निर्बंध एकेक करून उठू लागले. ४ तारखेला शाळांचे वरचे वर्ग भरले, ७ तारखेला घटस्थापनेच्या मुहूर्तावर देवळांची दारे उघडली आणि २२ तारखेपासून नाट्यगृहे व चित्रपटगृहे निम्म्या प्रेक्षकांसाठी सुरू झाली. आमच्या घरी मात्र या सगळ्या तारखांचा विचार एकाच प्रश्नासाठी होत होता, आणि तो म्हणजे आईला माहेरी केव्हा नेता येईल. तिचे माहेर रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनला. पुण्याहून ताम्हिणी घाटाने गेले तर अंतर सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला तिथे पोहोचतो. एवढ्या जवळचे गाव इतके दूर जाऊ शकते, हे आम्हाला त्या दीड-पावणेदोन वर्षांत कळले.

खरे तर जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी लागणारा ई-पास २०२० च्या सप्टेंबरमध्येच बंद झाला होता, आणि मनात आणले असते तर त्या दिवाळीतही जाता आले असते. पण पासष्टी ओलांडलेल्यांनी घरातच राहावे अशी सूचना होती, आईला मधुमेह आहे, आणि मामाने स्वतःच ‘ताई, यंदा नको’ असे निक्षून सांगितले. त्यामुळे २०२० ची भाऊबीज फोनवर झाली. आईने पाटाभोवती रांगोळी काढली, पाटावर फोन उभा केला आणि पडद्यावरच्या भावाला निरांजनाने ओवाळले. तिकडे मामाने टोपी सावरून मान लववली. त्याच्यासमोरचा फोन मामीने हातात धरला होता, म्हणून ती त्या चित्रात कुठेच नव्हती. फक्त मधूनमधून तिचा आवाज येत होता, ‘जरा डावीकडे व्हा, ताईंना दिसत नाही.’ आईच्या कानावर पडलेले मामीचे निवांत बोलणे ते शेवटचे. त्यानंतर फोन झाले ते सगळे धावपळीचे, तापाचे आणि ऑक्सिजनच्या आकड्यांचे.

२०२१ च्या एप्रिल अखेरीस दुसऱ्या लाटेत मामाच्या घरातले सगळेच आजारी पडले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात मामी गेली. तेव्हा पुन्हा जिल्हाबंदी होती. अंत्यविधीसाठी प्रवासाची मुभा असली, तरी आम्हाला कळले ते सगळे उरकल्यावर, आणि घरातली उरलेली माणसे विलगीकरणात होती. जाऊन कोणाला भेटणार होतो? आईचा तेव्हा लशीचा एकच डोस झाला होता, आणि दुसऱ्याचे अंतर त्याच महिन्यात वाढवून बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. पावसाळा असाच गेला. दिवाळीच्या आधी आईने मला एवढेच सांगितले, ‘या वर्षी मला फोनला ओवाळायचे नाही.’

पाडव्याच्या सकाळी, ५ नोव्हेंबरला, आम्ही निघालो. पौड मागे पडले, मुळशीचे पाणी उजवीकडे-डावीकडे होत दिसू लागले, आणि घाटात शिरल्यावर आईने काच खाली केली. पावसाळ्यातले धबधबे आटले होते, पण कड्यांवरचे गवत अजून पुरते पिवळे पडले नव्हते आणि सकाळच्या उन्हात दरीतला धूर दिसत होता. ताम्हिणीत एरवी आम्ही कुठे ना कुठे थांबतो. या वेळी आईने थांबू दिले नाही. घाट उतरून निजामपूरकडे आलो तशी भाताची खाचरे सुरू झाली. काही ठिकाणी कापणी झालेली होती, काही ठिकाणी पिकलेले भात अवकाळीच्या भीतीने घाईघाईने बांधले जात होते. माणगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडला. चौकात इतकी गर्दी होती की क्षणभर वाटले, मधली दोन वर्षे कोणी जगलेच नाही. टपरीवर चहा घेताना निम्म्या लोकांचे मास्क हनुवटीवर होते. आईने मात्र मास्क नाकावरून खाली घेतला नाही, आणि चहा गाडीत बसूनच प्यायली.

पुढे मोर्बा, साई, म्हसळा. हा टप्पा आईला पाठ आहे. कोणत्या वळणावर तिच्या लहानपणी एस.टी. बंद पडली होती, कुठल्या गावात तिच्या वडिलांचे स्नेही राहत, हे सगळे ती दर खेपेला सांगते आणि आम्ही ऐकतो. या खेपेला तिने म्हसळ्यापर्यंत सांगितले आणि मग गप्प झाली, कारण रस्त्याकडेच्या टेकड्यांवर मोडलेली झाडे दिसू लागली होती. वादळाला सतरा महिने लोटले होते. तरीही शेंडा नसलेले माड आणि मधूनच तुटलेले बुंधे जागोजागी उभे होते.

‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. टाळेबंदीला तेव्हा दोन महिन्यांहून अधिक काळ झाला होता. कोकणातल्या कितीतरी घरांची कर्ती माणसे मुंबई-पुण्यात अडकलेली होती. एरवी असे संकट आले असते, तर दुसऱ्या दिवशी गाड्या भरून नातेवाईक गावाकडे धावले असते. त्या वेळी आम्ही पुण्यात बसून लागत नसलेला फोन पुन:पुन्हा लावत राहिलो. वीज गेली होती, मोबाइलचे मनोरे बंद होते, रस्त्यांवर झाडे पडली होती. मामाचा आवाज ऐकायला मिळाला तो काही दिवसांनी, तोही जेमतेम मिनिटभर. ‘माणसे ठीक आहेत, वाडी गेली,’ एवढेच तो म्हणाला होता.

त्या वाक्याचा अर्थ मला श्रीवर्धनात शिरताना समजला. पूर्वी गावात येताना आधी नारळी-पोफळीचे हिरवे छत दिसायचे आणि घरे त्याच्या आत असायची. एखादे कौल, एखादी चुलीच्या धुराची रेघ, एवढ्यावरूनच खाली माणसांची वस्ती आहे हे समजायचे. आता घरेच आधी दिसली. कौलांच्या जागी अनेक ठिकाणी निळे-पांढरे पत्रे होते, आणि मामाच्या आळीतून समुद्र दिसत होता, जो तिथून कधीही दिसत नसे.

मामा खळ्यात उभाच होता. तो खूप वाळला होता. आई गाडीतून उतरली आणि दोघे काही वेळ नुसते एकमेकांकडे बघत राहिले, कारण जवळ जावे की नको याचा अंदाज दोघांनाही येईना. इतक्या महिन्यांच्या सवयीने पाय अडले होते. मग मामानेच पुढे होऊन तिचा हात धरला आणि म्हणाला, ‘ताई, ये, आधी वाडी बघ.’ पाणी नाही, चहा नाही, आधी वाडी. आईनेही चप्पल बदलली आणि ती त्याच्यामागे निघाली.

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे, आणि इथल्या वाडीचे गणित अनेक पिढ्यांनी बसवलेले आहे. उंच माड वरचे ऊन अडवतात, त्यांच्या सावलीत पोफळी वाढतात, पोफळींवर मिऱ्याचे वेल चढतात, अधूनमधून जायफळ असते, आणि पाटाचे पाणी सगळ्यांच्या मुळाशी जाते. त्यामुळे एक थर कोसळला की त्याच्या आधाराने असलेले सगळेच कोसळते. पोफळीचा बुंधा बारीक, मुळे फार खोल नसतात. वादळात त्या एकीवर एक अशा आडव्या झाल्या. मामाने एकेका जागी थांबून दाखवले: इथली त्याच्या आजोबांच्या हातची, ही रांग त्याच्या लग्नाच्या वर्षीची. बुंध्यांचे तुकडे त्याने वाया जाऊ दिले नव्हते. काही मधोमध चिरून पाण्यासाठी पन्हळ केले होते, काही कुंपणाला लावले होते, आणि उरलेल्यांच्या ओळीवर आम्ही बसलो होतो. नव्या रोपांना कोवळेपणी ऊन सोसत नाही, आणि सावली देणारे माडच उरले नाहीत, म्हणून प्रत्येक रोपाच्या बाजूला त्याने केळ लावली होती. केळीच्या सावलीत हातभर उंचीची पोफळ. तिला फळ धरायला पाच-सात वर्षे तरी लागतात. ‘माझ्यासाठी नाही लावत,’ एवढे म्हणून तो पुढच्या आळ्याकडे वळला.

वादळाची हकिगत मामाने त्या दोन दिवसांत कितीदा तरी सांगितली. प्रत्येक वेळी नवा तपशील यायचा. माजघराचे दार आतून तिघांनी कसे दाबून धरले होते, कौले कशी उडत होती, आणि वारा थांबल्यावर वाडीत कसा कोरा उजेड पडला होता. त्या प्रत्येक हकिगतीत मामी होती. ती देवापुढची समई विझू नये म्हणून तिच्यावर सूप धरून बसली होती. मामीच्या मृत्यूविषयी मात्र मामा एक शब्दही बोलला नाही आणि आईने विचारले नाही. बोलण्याजोगे दुःख आणि न बोलण्याजोगे दुःख त्याने मनात वेगवेगळे ठेवले असावे. वादळ सगळ्या गावाचे होते, त्याविषयी कोणीही कोणाशी बोलू शकत होते. दुसरे त्याचे एकट्याचे होते.

ते मला वहिनीकडून, म्हणजे मामेभावाच्या बायकोकडून कळले, स्वयंपाकघरात. त्या घरात या वर्षी दिवाळी नव्हती. आकाशकंदील लावला नव्हता, तळण केले नव्हते, फराळाचे डबे आम्हीच पुण्याहून नेले होते. पण भाऊबीजेच्या सकाळी वहिनी म्हणाली, ‘आत्यांना शिरवाळ्या आवडतात, आई दर वर्षी करायच्या. वाफेचेच आहे, करू या.’ शिरवाळ्या एकट्या बाईचे काम नव्हे. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवायचे, आणि ते गरम असतानाच लाकडी साच्यात घालून जोर लावून दाबायचे. एकीने दाबायचे, दुसरीने खाली ताट फिरवत शेवयांची चकती नीट पडू द्यायची. गोळा निवला तर साचा हलत नाही. माझ्या लहानपणापासून दाबायला आई आणि ताट फिरवायला मामी, ही ठरलेली जोडी. आता वहिनी दाबत होती, ताट माझ्याकडे होते, आणि साच्याच्या दांड्याला एका बाजूने मामीच्या बोटांमुळे पडलेली गुळगुळीत खोलगट जागा होती, ती वहिनीच्या हाताखाली बरोबर येत नव्हती.

हात कामात असताना वहिनी बोलू लागली. मामीला तालुक्याबाहेरच्या दवाखान्यात न्यावे लागले, मामेभावाला आत सोडले नाही, तो बाहेर गाडीत झोपत असे. शेवटच्या दिवशी परिचारिकेने खिडकीतून फोन दाखवून ‘बोला’ म्हटले, आणि मामीने विचारले ते वाडीत पाणी सोडले का, एवढेच. दहावा आला १७ मे रोजी, आणि नेमके त्याच दिवशी ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून जात होते. मोजकी माणसे, तोंडावर मास्क, समुद्रावर जाण्याची सोय नाही. विधी परसदारीच आडोशाला झाला. मामा आजारातून नुकताच उठलेला. वाऱ्याचा आवाज वाढला तसा तो उठून माजघराच्या दाराला पाठ लावून उभा राहिला आणि तिन्हीसांजेपर्यंत तिथून हलला नाही. आम्ही त्या दिवशी पुण्याहून फोन लावत होतो, आणि तो लागत नव्हता.

नारळाच्या रसात गूळ विरघळला, वेलदोडा पडला, आणि वहिनीने पहिले ताट मामीच्या फोटोपुढे नेऊन ठेवले. दुपारी आईने मामाला ओवाळले. पाट तोच, घर तेच, आणि फोन कोणालाच हातात धरायचा नव्हता.

मामेभावाची मुलगी तेव्हा दुसरीत गेली होती आणि तिने तोवर शाळा पाहिलेली नव्हती. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग सुरू झाले होते, पण पहिली ते चौथी अजून बंदच होती. घरात नेटवर्क येत नसे म्हणून ती रोज सकाळी आजोबांबरोबर वाडीच्या टोकाला जायची आणि तिथे बसून फोनवर बाईंचा आवाज ऐकायची. बाईंचा चेहरा तिला माहीत आहे, पण बाई किती उंच आहेत हे माहीत नाही, असे तिने मला अगदी गंभीरपणे सांगितले. या पिढीच्या वाट्याला आलेल्या उणिवेविषयी मी बरेच वाचले होते, पण त्यातले काही या वाक्याइतके लागले नाही. मात्र त्याच मुलीला वाडीतल्या प्रत्येक रोपाचे वय माहीत आहे, कारण ती सगळी रोपे तिच्या डोळ्यांदेखत लागली. आमच्यापैकी कोणी नसताना मामासोबत तीच होती. त्या घराच्या या दोन वर्षांच्या आठवणी आता तिच्याकडे आहेत, आणि आम्हाला त्या तिच्याकडूनच घ्याव्या लागणार आहेत.

रविवारी सकाळी हरिहरेश्वरला जाऊन आलो. दारात तापमान मोजले जात होते, एका वेळी थोड्याच माणसांना आत सोडत होते. आईने आधी काळभैरवाचे आणि मग हरिहरेश्वराचे दर्शन घेतले. प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या पायऱ्या तिला उतरवेनात, म्हणून ती वरच बसून राहिली आणि मामा तिच्याजवळ बसला. मी खालून वर आले तेव्हा दोघांमध्ये मामाच्या लशीवरून बोलणे चालले होते. आजारातून उठल्यावर तीन महिने लस घ्यायची नाही असा नियम असल्यामुळे त्याचा पहिला डोस सप्टेंबरमध्ये झाला होता, आणि दुसऱ्याला चौऱ्याऐंशी दिवस पुरे व्हायचे होते. आई त्याला बजावत होती, ‘डोस झाला की लगेच फोन कर. नातीला घेऊन पुण्याला यायचे, चांगले पंधरा दिवस.’ मामा म्हणाला, वाडीला पाणी कोण देईल. आई म्हणाली, मुलगा देईल. मग त्याने बोटांवर दिवस मोजले आणि मार्गशीर्षातली एक तारीख सांगितली, आणि आईने ती माझ्याकडून लगेच फोनमध्ये नोंदवून घेतली.