शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण पैसे कोणत्या खात्यात गेले?

माझे गाव दारव्हा तालुक्यात आहे आणि बी.एस्सी.साठी मी अमरावतीला राहते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरील अर्ज, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि महाविद्यालयातील पडताळणी वेळेत झाली. त्रास सुरू झाला तो मंजुरीनंतर.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाविद्यालय स्वतःच्या पैशातून देत नाही. अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीच्या या योजनेचा ६० टक्के भार केंद्र आणि ४० टक्के राज्य उचलते, आणि राज्याने आपला वाटा दिल्यानंतर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात शुल्काचाही भाग असल्यामुळे महाविद्यालय माझ्याकडे पैसे मागत होते आणि माझे पासबुक कोरे होते.

पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचे दिसत होते. माझ्या बँकेच्या तालुक्याच्या शाखेत मी चार वेळा गेले. दोन वेळा कापूस वेचणीची मजुरी बुडवून बाबाही सोबत आले. प्रत्येक वेळी खिडकीवरून एकच उत्तर मिळाले, "तुमचे आधार लिंक आहे." ते खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि त्या अपुऱ्या उत्तरापायी आमचे दोन महिने गेले, याचा राग मला अजूनही आहे. खात्याला आधार क्रमांक जोडणे वेगळे आणि एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधील पैशांची देवाणघेवाण हाताळणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत आधार 'सीड' होणे वेगळे. त्या नोंदीत एका आधारापुढे एकाच बँकेचे नाव असते आणि सरकारी अनुदान तिथेच जाते. माझ्या नावापुढे आठवीत असताना दुसऱ्या बँकेत उघडलेले, केवायसीअभावी बंद पडलेले खाते होते. सारी रक्कम तिथे पडून होती.

हे मला बँकेने नव्हे, वसतिगृहातील एका ताईने सांगितले. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग'ची स्थिती ओटीपी टाकून दोन मिनिटांत दिसते; मात्र मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला हवा. माझ्या आधारला बाबांचा क्रमांक होता, म्हणून ते शेतातून येईपर्यंत थांबावे लागले.

ही तपासणी अर्ज भरण्याआधीच करावी. बँकेत सीडिंगचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. माझ्या पहिल्या तीन फेऱ्यांचा कोणताही पुरावा माझ्याकडे नव्हता. जुन्या खात्याची केवायसी पूर्ण झाल्यावर नवव्या दिवशी पैसे काढता आले. त्याच दुपारी मी शुल्क भरले आणि पावतीचा फोटो सर्वांत आधी बाबांना पाठवला.