प्रश्न ७ मधली ३१ शून्यं

प्रबंधासाठी एका कार्यशाळेच्या आधी आणि नंतर मुलांकडून १२ प्रश्नांचे फॉर्म भरून घेतलेत. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की त्यांवर मान-व्हिटनी (दोन गटांची तुलना करणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावून झाली, आता फक्त तक्ते करायचे उरलेत. ते सगळं रद्द. आधीचे आणि नंतरचे फॉर्म त्याच मुलांनी भरलेत. मान-व्हिटनीला दोन स्वतंत्र गट लागतात, ते इथे नाहीतच.

एकाच मुलाच्या आधीच्या आणि नंतरच्या फॉर्मची जोडी लागणार नाही असं मी धरून चालले होते. फॉर्मवर नावं नाहीत, त्यात दोन्ही शीट वेगवेगळ्या सॉर्ट झालेल्या. मग मूळ कागद काढले, तर वरच्या कोपऱ्यात प्रत्येकाचा कोड: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्माचा दिवस आणि फोनचे शेवटचे दोन आकडे. दोन्ही गठ्ठे जमिनीवर पसरले आणि एकेक जुळवत गेले. ५८ जोड्या लागल्या! शेवटची जोडी एका आकड्यावर अडली होती; ज्याला मी १ समजत होते तो ७ निघाला. त्या क्षणी झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

जोड्या आहेत म्हणजे विलकॉक्सन साइन्ड-रँक (जोडीतल्या फरकांना लहान ते मोठा अशी रँक, म्हणजे क्रमांक, देऊन वरच्या आणि खालच्या बदलांची तुलना करणारी चाचणी), असं म्हणून प्रश्न ७ घेतला. पर्याय पाच. ३१ जणांचं उत्तर आधी आणि नंतर तेच, म्हणजे फरक शून्य. १२ जण एक पायरी वर गेले, ७ जण दोन पायऱ्या वर, ८ जण एक पायरी खाली. शून्यं गाळून उरलेल्या २७ वर चाचणी केली की पी (खरा बदल नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) येते ०.००८. प्रॅटच्या १९५९ च्या पद्धतीत शून्यांनाही आधी रँक द्यायची आणि बेरजेच्या वेळी ती सोडायची. तशी केली तर ०.०२. नुसती साइन टेस्ट, जी फक्त किती जण वर गेले आणि किती खाली एवढंच मोजते (१९ वर आणि ८ खाली), देते ०.०५२. आकडे तेच, उत्तरं तीन.

दोन रात्री यातच गेल्या. शेवटी सगळ्या रँक हाताने लिहून काढल्या तेव्हा उलगडलं. शून्यं गाळली की एका पायरीची सरासरी रँक १०.५ आणि दोन पायऱ्यांची २४, म्हणजे दुपटीहून जास्त वजन. प्रॅटमध्ये त्याच रँक ४१.५ आणि ५५ होतात, फरक तिसऱ्या हिश्श्याचा. साइन टेस्टमध्ये दोन्ही सारख्याच. वाद खरा एवढाच आहे की 'असहमत' वरून 'सहमत' वर जाणं हे 'तटस्थ' वरून 'सहमत' वर जाण्याच्या किती पट धरायचं. ते प्रश्नावली सांगत नाही. म्हणून सुट्या प्रश्नाला मी साइन टेस्टच लावीन.

टूलचंही बघून ठेवा. सायपायमध्ये (पायथनची गणिती लायब्ररी) काही न सांगता विलकॉक्सन चालवली तर शून्यं गाळली जातात. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या मूळ फंक्शनमध्येही तसंच. आरचंच कॉइन पॅकेज मात्र न सांगता प्रॅट वापरतं. मला कॉइन आवडतं, पण कुठलंही वापरा, शून्यांची पद्धत कोडमध्ये स्पष्ट लिहाच. प्रबंधातही.

एक गोष्ट अजून खुपतेय. तिन्ही पी बघून झाल्यावर चाचणी निवडणं म्हणजे निकालच निवडणं. प्रश्न ७ पुरतं ते घडून गेलंय, म्हणून तिन्ही आकडे परिशिष्टात जातील.

आणि हे लिहिताना सुचलं: बाराही प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत, मग सुटे कशाला तपासायचे? अशा सहमत-असहमत प्रश्नांसाठी लिकर्टने १९३२ मध्ये मांडलेली पद्धत मुळात उत्तरांची बेरीज करण्याचीच होती. बेरीज १२ ते ६० मध्ये फिरेल, शून्यं खूप कमी होतील, आणि ५८ फरकांवर जोडीची टी-टेस्ट (फरकांची सरासरी शून्याहून वेगळी आहे का हे बघणारी चाचणी) बिनधास्त चालेल. मुख्य निकाल तो. सुटे प्रश्न नंतर, साइन टेस्ट आणि होल्मच्या दुरुस्तीसह (एकाच वेळी अनेक चाचण्या केल्या की निकष कडक करणारी पद्धत). हा क्रम फाइल पुन्हा उघडायच्या आधी कागदावर लिहून मार्गदर्शकांना पाठवलाय.

प्रश्न ३ आणि ९ उलट्या अर्थाचे आहेत. आज रात्री ते दोन रकाने ६ मधून वजा करायचे, मग क्रोनबाख अल्फा (सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा). टी-टेस्टला त्यानंतरच हात लावणार.