८१५ वरून ८५०

ओटा आवरून झाला की रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडायचा, असं गेले तीन आठवडे चाललंय. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, संशोधन सुटून पंधरा वर्षं झाली. पण अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल-उपग्रहाचा जुना डेटा कुणालाही उतरवून घेता येतो हे कळलं आणि राहवेना.

घेतली ८ मार्च २०१६ ची निरीक्षणं. तारा ४यू १७२८-३४. जोडीदार ताऱ्याकडून ओढलेला वायू या न्यूट्रॉन ताऱ्याभोवती (अतिशय लहान आणि घट्ट तारा) चकतीसारखा गरगरत खाली उतरतो, प्रचंड तापतो आणि क्ष-किरण फेकतो. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडवलेलं, उपग्रहावरचं लॅक्सपीसी हे उपकरण त्यातल्या प्रत्येक फोटॉनची वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत टिपतं. माझ्या हातात होती ती नुसती वेळांची लांबलचक यादी.

पहिल्या रात्री सगळ्या निरीक्षणांचा एकच पॉवर स्पेक्ट्रम काढला, म्हणजे कुठल्या वारंवारतेचा ठेका किती जोरकस आहे याचा आलेख. आठशे हर्ट्झच्या पुढे एक बसका, पसरट उंचवटा. हे खरं की गोंगाट? काही कळेना. झोपले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या तासाला फळ्यावर फूरियरचं वारंवारता शोधायचं गणित लिहिताना लक्षात आलं, की वारंवारता स्वतःच सरकत असेल तर सरासरीत ती फासली जाणारच! रात्री डेटाचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात आता बऱ्यापैकी टोकदार शिखर. सुरुवातीला ८१५ हर्ट्झच्या आसपास, मग वर, आणखी वर, शेवटी ८५० च्या जवळ. संशोधकांनी हे आधीच छापलंय, मला ठाऊक होतं. तरी स्वतःच्या पडद्यावर ते शिखर सरकताना बघून अंगावर काटा आला.

याला क्यूपीओ (क्वासी-पिरियॉडिक ऑसिलेशन) म्हणतात. ठेका आहे, पण पक्का नाही. तो नेमका कुठून येतो यावर अजून वाद आहे. पण हा चकतीच्या आतल्या कडेच्या वायूच्या फेऱ्यांचाच ठेका आहे आणि तारा सूर्याच्या १.४ पट जड आहे असं धरून मी वहीत हिशेब मांडला. सेकंदाला ८५० फेऱ्या म्हणजे केंद्रापासून सुमारे १८.७ किलोमीटर, ८१५ म्हणजे १९.२. म्हणजे पाऊण तासात कड जेमतेम अर्धा किलोमीटर आत सरकली, आणि तिथला वायू प्रकाशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वेगाने धावतोय. हजारो प्रकाशवर्षांवरचा अर्धा किलोमीटर!

मग डेटाच्या शेवटाकडचा स्फोट. ताऱ्यावर साचलेलं इंधन काही सेकंदांत भडकतं आणि आलेख भिंतीसारखा उभा राहतो. तेवढाच तुकडा कापून घेतला. शिखर ३६३ वर. हा ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याचा ठेका, १९९६ मध्ये आरएक्सटीई उपग्रहाने याच ताऱ्यात पहिल्यांदा पकडलेला. वायूचा ठेका पाऊण तासात पस्तीस हर्ट्झ सरकला, आणि हा वीस वर्षांनीही त्याच जागी.

उद्या रात्री १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या खालचे आणि वरचे फोटॉन वेगळे काढून बघणार आहे.