एव्हर्टनची गोदी आणि शेवटच्या शिट्टीनंतरचा तास

नव्या स्टेडियमची घोषणा झाली की क्लबवाले चित्रं दाखवतात: नदीकाठची संध्याकाळ, उजळलेलं छत, आणि नेमकी कधीच गर्दी नसलेली वाट. चाहत्याने ती बाजूला ठेवून नकाशा उघडावा आणि सामना संपल्यावर माणसं कुठल्या बाजूंनी पांगणार ते आधी मोजावं. बाकी सगळं पैशाने दुरुस्त होतं, हे होत नाही.

लिव्हरपूलमधल्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबचंच बघा. त्यांचं जुनं मैदान गुडिसन पार्क 1892चं, चहूबाजूंनी एकमेकांना खेटलेल्या घरांच्या गल्ल्या आणि एका कोपऱ्यात चक्क चर्च. वाढायला वाव नव्हता, खांबाआडच्या खुर्च्यांवरून अर्धाच गोलपोस्ट दिसायचा. पण शिट्टी वाजली की साधारण 39 हजार माणसं दहा गल्ल्यांतून विरघळायची. ब्रॅमली-मूर गोदीतल्या नव्या स्टेडियमात 2025च्या ऑगस्टपासून सामने सुरू झाले. तिथे पश्चिमेला मर्सी नदी, दक्षिणेला शेजारच्या गोदीचं पाणी, उत्तरेला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. उरली पूर्व, म्हणजे रीजंट रोड. त्या रस्त्यालगत एकोणिसाव्या शतकातला गोदी-अभियंता जेसी हार्टली याच्या काळातली जाडजूड दगडी भिंत. ती वारसा म्हणून संरक्षित असल्याने पाडता येत नाही, मोजकी भगदाडं पाडून दारं काढावी लागली.

आता हिशेब. ब्रिटनमधल्या मैदान-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेनुसार सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं जातात, पायऱ्यांवरून 66. स्टँड जास्तीत जास्त आठ मिनिटांत रिकामे व्हायला हवेत. सुमारे 53 हजार प्रेक्षक भागिले आठ, म्हणजे मिनिटाला 6,600. त्यासाठी सपाट वाटांची एकूण रुंदी 81 मीटरच्या आसपास लागते. वास्तुविशारद एवढं कागदावर सहज बसवतो. गाडं अडतं ते गेटाबाहेर.

जवळचं स्टेशन सँडहिल्स, चालत पंधराएक मिनिटं. दोन रुळांच्या मधोमध एकच फलाट. मर्सीरेल या तिथल्या लोकल रेल्वेच्या चार डब्यांच्या नव्या गाडीत उभे-बसलेले मिळून साधारण 480 जण मावतात, दोन गाड्या जोडल्या तर 960. शहराच्या दिशेने दहा हजार जण जाणार असं धरलं तर अशा अकरा गाड्या हव्यात. दर पाच मिनिटांनी एक सोडली तरी पहिली ते शेवटची पन्नास मिनिटं, आणि तीही गाडी रिकामी आली तर. म्हणजे आठ मिनिटांत बाहेर काढलेली गर्दी फलाटाखाली तासभर तिष्ठते. म्हणूनच स्टेशनबाहेर कठडे लावून रांगांसाठी आवार करावं लागतं. फलाटावर एकदम लोंढा चढू दिला तर लोक रुळांवर पडतील.

इतकं असूनही जागा चुकली असं मी म्हणणार नाही. गाडी नको असेल तर शहराचा मध्य तीनेक किलोमीटरवर आहे, अर्ध्या-पाऊण तासात पायी गाठता येतो. वाटेत पब आहेत, म्हणजे निम्मी गर्दी आपोआप रेंगाळते. (गर्दी-नियोजनात पबइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.) याआधीची कर्कबीची योजना टेस्कोच्या सुपरमार्केटसकट शहराच्या हद्दीबाहेर होती. 2007च्या मतदानात सीझन तिकीटवाल्यांनी वगैरे कौल बाजूने दिला, तरी 2009मध्ये सरकारने ती नाकारली, मुख्यतः आसपासच्या बाजारपेठांना फटका बसेल म्हणून. माझ्या मते तिथे खरा दोष वेगळाच होता: गाडी अडकली की चालत कुठे जाणार? त्याआधीची किंग्ज डॉकची जागा सगळ्यांत देखणी, ती 2003मध्ये पैशाअभावी हातची गेली.

जमिनीचा आकारही बघावा लागतो. मैदान 105 बाय 68 मीटरचं, पण भोवती धावण्याचा ट्रॅक आला की गोलामागचा प्रेक्षक दूर फेकला जातो. लंडनचा वेस्ट हॅम क्लब 2016मध्ये ऑलिंपिकच्या स्टेडियमात गेला, तेव्हापासून त्याचे चाहते हेच बोलताहेत. शेवटच्या खुर्चीपासून मैदानाचा सर्वांत लांबचा कोपरा 150 मीटरच्या आत असावा, 190च्या पुढे तर चेंडूही नीट कळत नाही. मुंबई सिटी या फुटबॉल क्लबने 2016मध्येच नेरूळचं क्रिकेटचं गोल मैदान सोडून अंधेरी गाठली. क्षमता कमी झाली, पण खेळ डोळ्यांसमोर आला. गोदीची जागा आयताकृती असल्याचा एव्हर्टनला फायदा झाला: दक्षिणेचा सुमारे 13 हजारांचा एकसंध स्टँड जवळजवळ 35 अंशांनी चढतो आणि आवाज थेट मैदानात कोसळतो. मात्र त्यासाठी आधी पाण्याच्या जागी समुद्रतळातून उपसलेली जवळपास पाच लाख घनमीटर वाळू भरावी लागली.

तुमच्या क्लबने जागा सुचवली तर शनिवारी दुपारी बघायला जाऊ नका. नोव्हेंबरातल्या बुधवारी, पावसात, रात्री पावणेदहाला त्या जागेवर उभे राहा आणि स्टेशनपर्यंत चालत जा. दिवे कुठे संपतात, फूटपाथ कुठे दोन माणसांपुरता अरुंद होतो, पुलाखाली पाणी किती साचतं ते पायांना कळेल. मग फलाटावरचं वेळापत्रक वाचा: शेवटची गाडी किती वाजता आहे, आणि सामना जादा वेळेत गेला तर ती मिळते का.