सत्ताविसावा टेक

माझ्याकडे व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांना एक नियम आहे. दर महिन्याला तीच सुरावट वाजवून रेकॉर्ड करायची आणि मला पाठवायची. रोज रियाज करणाऱ्याला स्वतःची वाढ कळत नाही. शिवाय व्हायोलिन डाव्या कानाखालीच असतं, हनुवटीतूनही कंपनं येतात, त्यामुळे वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं ते खोलीत ऐकू येतच नाही.

फोन कुठे ठेवायचा, यावरून मी पालकांना पिडते. दोन मीटर लांब, वाद्याच्या उंचीला, खाली घडी केलेलं कापड. आणि आवाजाची आपोआप होणारी पातळी बंद करता येत असेल तर बंद. नाहीतर मूल तीन महिने हळू-मोठं शिकतं आणि फोन दोन्ही एका पातळीवर आणून ठेवतो. कॉलसाठीची गोंगाट कमी करणारी सोय तर लांब खेचलेला स्वरच गोंगाट समजून खाते. हे कुणी ऐकत नाही. फोन मांडीवर घेऊन रेकॉर्डिंग होतं.

परवा एका नऊ वर्षांच्या मुलाच्या आठही फिती ओळीने लावल्या. पहिलीत तिसरं बोट कणसूर, गज बोटं ठेवायच्या पट्टीकडे घसरतोय, मध्ये एकदा तो स्वतःच हसतोय. पण थांबत नाही, धडपडत शेवटाला पोचतो. आठवीत ‘ए’ तारेवरचं तिसरं बोट ‘डी’ स्वरावर इतकं नेमकं बसतं, की शेजारची मोकळी ‘डी’ तार न छेडता गुणगुणते. रेकॉर्डिंगमध्येसुद्धा ती गुणगुण येते! मी त्याला दोनदा ऐकवली. खरं तर मलाच ऐकायची होती.

मग म्हटलं, आता इथेच वाजव.

तिसऱ्या ओळीत दुसरं बोट जरासं चढलं. तो थांबला. गजासकट उजवा हात उचलला आणि समोरच्या स्टँडच्या कडेपाशी नेला. तिथे फोन नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, सुरुवातीपासून वाजवलं, पुन्हा तिथेच थांबला. पुन्हा तोच हात. चार वेळा. शेवटापर्यंत एकदाही पोचला नाही.

आईला विचारलं. ती कौतुकाने म्हणाली, “चांगलं येईपर्यंत आम्ही उठतच नाही हो, ताई. ही सत्ताविसावी होती.” बाकीच्या सव्वीस पुसून टाकलेल्या. नातेवाइकांना पाठवायला स्वच्छ फीत लागते, हे मी समजू शकते, पण मनातून चिडलेच.

घरी येऊन जुने निरोप काढले. पहिल्या फितीखाली मी तीन चुका लिहिल्या होत्या. शेवटापर्यंत पोचलास, हे लिहिलंच नव्हतं. सहावी, सातवी, आठवी, तिन्हींखाली फक्त ‘वा!’. म्हणजे चूक झाली की पुसायचं, हे त्याला आईने शिकवलं की मी? रात्रभर तेच डोक्यात होतं.

काल त्याला नवा नियम सांगितला. रेकॉर्डिंग वर्गातच, माझ्या फोनवर, एकदाच.

“चुकलं तर?”

“चुकलेलं राहील.”

त्याने गजाचा स्क्रू थोडा सैल केला, थोडा घट्ट केला.

“मग ताई, मी घरूनच करून आणतो ना.”